मागच्या बाई

काच पडल्याचा आवाज आला, पण फुटल्याचा आला नाही. तेवढ्यावरूनच मला कळलं की ही आपली. दुसरी कुठलीही काच त्या फरशीवर पडून शाबूत राहिली नसती. ही राहते. विस्तवावर धरायची काच आहे ती. पूर्वी यायची ती पातळ नळी तापली की तडकायची आणि तिच्या कडेने लोकांचे ओठ कापायचे, म्हणून आम्ही भांडभांडून ही जाड काच मिळवली होती. आता ती शनिवारी सकाळी, बार्टन स्ट्रीटवरच्या सुपरमार्केटात, पैसे द्यायच्या रांगेत, माझ्या पायाजवळून टणटण करत घरंगळत चालली होती. माझ्या एका हातात नुकताच खिशातून काढलेला हातमोजा होता आणि दुसऱ्या हातात बटाट्यांची पिशवी. खिशात हातमोजा आणि नळी एकत्र ठेवू नये एवढी साधी अक्कल मला नाही. नशा करणाऱ्यांना खिडकीतून स्वच्छ सामान देणारी आमची संस्था; तिथल्या सगळ्यांचेच खिसे असे. नवीन कोणी खिडकीशी आलं की त्याला दाखवावं लागतं, की पितळी जाळीच्या चकत्या आत कशा बसवायच्या, लाकडी काडीने त्या हलकेच कशा दाबायच्या, रबरी तोटी टोकाला कशी चढवायची आणि ती दुसऱ्या कोणाला का द्यायची नाही. त्यासाठी एक उघडी नळी अंगावर असतेच. कोरी, कधी न ओढलेली. पण कोरी आणि ओढलेली यातला फरक सुपरमार्केटातल्या माणसाला कुठून कळायचा? त्याच्या लेखी क्रॅक कोकेनचे खडे ओढायची नळी ती नळी.

शेला माझ्या शेजारी होती. माझी मुलगी. तिच्यापुढच्या बाबागाडीत माझी नात झोपली होती, सहा महिन्यांची, तोंड उघडं टाकून. येताना मोटारीत शेलाने समोर रस्त्याकडे बघतच विचारलं होतं, "पुढच्या आठवड्यापासून मी कामावर जाणार आहे. तू सांभाळशील का हिला? एकटी?" त्यातला 'एकटी' हा शब्द तिने किती दिवस तोंडात घोळवला असेल हे मला समजत होतं. मी "हो" म्हणाले, आणि मग खिडकीतून बाहेर बघत राहिले, कारण माझा चेहरा मला आवरत नव्हता. शेला लहान असताना मी तिला एकटीने सांभाळलं, पण ते सांभाळणं नव्हतं. ती टेबलाशी बसून चित्रं रंगवायची आणि मी न्हाणीघराचं दार लावून भांडी घासायच्या तारेचा बोळा नळीत कोंबून ओढत बसायचे. त्या तारेचे जळके तुकडे घशात जायचे. वरच्या ओठावर कायमचा फोड. शेजारणीला सांगायचे, थंडीने ओठ फुटतात गं माझे. जुलै महिन्यातसुद्धा सांगितलंय. माझी सगळी लाज ही अशी ओठांवरच असायची, दिसेल अशी. आता फोड नाहीत, पण कोणी तोंडाकडे निरखून बघितलं की हात आपोआप वर जातो.

तर काउंटरवरच्या पोरीने वाकून बघितलं आणि विचारलं, "हे कोणाचं?" आवाज चढवून नाही, पडलेला रुमाल कोणाचा असं विचारावं तसं. आणि शेलाने माझ्याकडे बघितलं. ती नजर मी बऱ्याच वर्षांत बघितली नव्हती. रागाची नाही ती. काहीतरी तुटणार आहे हे आधीच ठाऊक असलेल्या पोराची नजर असते तशी. मला एवढंच म्हणायचं होतं, की अगं, कामाची आहे ही, दाखवायची. एक वाक्य. खरंच होतं ते, आणि शेलाला माझं काम माहीत आहे. पण त्या घटकेला मला स्वतःचंच खरं वाटलं नाही. नशेच्या बारा वर्षांत मी जे जे बोलले ते खोटं होतं. एवढंच एक वाक्य खरं म्हणून कोण उचलून धरणार? आणि मी म्हणाले, "माझं नाही." इथे थांबले असते तरी चाललं असतं. पुढे म्हणाले, "मागच्या बाईंचं असेल."

मागे कोण आहे हे मी वळून बघितलं नव्हतं असं स्वतःला सांगायचा प्रयत्न मी शनिवारी दिवसभर केला. पण बघितलं होतं. रांगेत येतानाच बघितलं होतं. मागे ओडेट होती. ओडेट सहा वर्षं माझ्या खिडकीशी येते. मूळची वर उत्तरेची, टिमिन्सकडची, फ्रेंच बोलणाऱ्यांतली; चिडली की फ्रेंचमध्ये देवळातल्या सगळ्या वस्तूंच्या नावाने शिव्या देते. साठीला आली असेल. दात थोडे, केस मात्र दाट आणि त्यांचा तिला अभिमान. मी तिच्या ओठांवरच्या जखमा भरताना बघितल्यात, आणि तिने मला माझ्या आईच्या मयताच्या दिवशी खिडकीतून हात घालून कुरवाळलं होतं. 'काय गं पोरी' म्हणते मला, वयाने फारसा फरक नसताना. आम्ही रांगेत एकमेकींना ओळख दिली नव्हती, ते बरोबरच होतं. बाहेर भेटलं तर आपण होऊन ओळख द्यायची नाही, समोरच्याने दिली तरच द्यायची, असा आमच्याकडे दंडक आहे. त्यांच्याबरोबर कोण असेल सांगता येत नाही; आपल्या एका 'हॅलो'ने कोणाचं घर जाईल, कोणाची नोकरी. त्यांच्या अब्रूसाठी केलेला नियम. ओडेटने तो त्या दिवशी माझ्या अब्रूसाठी पाळला. तिने आधी माझ्याकडे बघितलं, मग शेलाकडे, मग बाबागाडीकडे. मग गुडघ्यावर हात टेकून वाकली, नळी उचलली आणि म्हणाली, "हो, माझीच. थँक्यू मॅडम."

मॅडम म्हणाली मला.

त्यानंतरचं सगळं फार शिस्तीत झालं. पहारेकरी आला, मॅनेजर आला. मॅनेजर तरुण, ट्रेंट नावाचा, गुळगुळीत दाढी केलेला, आवाजही न चढवणारा. त्याने ओडेटला सांगितलं की ही वस्तू घेऊन तुम्ही आत आलात, आता पुन्हा या दुकानात पाऊल टाकायचं नाही, टाकलंत तर पोलीस. ती म्हणाली, "माझं औषध राहिलंय, बाबा. मागे औषधांपाशी रांग होती म्हणून आधी सूप घेतलं." तो म्हणाला, औषध दुसरीकडे घ्या. तिची टोपली पहारेकऱ्याने तिच्या हातातून काढून घेतली. मी पैसे दिले. पोरीने मला "हॅव अ नाइस डे" म्हटलं आणि मी तिला "तुलाही" म्हटलं. बटाटे, आंबट साय, कांदे, बाळाचे डायपर. हे सगळं मी नीट पिशवीत भरलं, बटाटे खाली, साय वर.

औषध म्हणजे मेथाडोन. त्या दुकानाच्या मागच्या बाजूला औषधांचं काउंटर आहे. तिथे ओडेट रोज सकाळी जाऊन, औषधवाल्याच्या डोळ्यांदेखत, छोट्या पेल्यातलं लाल औषध पिते. ते प्यायली की तिला त्या दुसऱ्या विषाची, फेंटॅनिलची, ओढ लागत नाही. क्रॅक ती ओढते, ते ती सोडणार नाही असं तिनेच मला सांगितलंय: "सगळंच सोडलं तर मग मी उठायचं कशाला?" पण फेंटॅनिल तिने सोडलं होतं, कारण त्याच्यापायी ती दोनदा श्वास थांबून निळी पडली होती. ते लाल औषध सलग तीन दिवस चुकलं की मात्रा खाली आणतात, पहिल्यापासून चढवत न्यावी लागते. आणि तोवर माणूस कळ काढत बसत नाही, जे मिळेल ते ओढतो, एकटा, कुठल्यातरी पुलाखाली. दुसऱ्या औषधवाल्याकडे जायचं तर डॉक्टरची नवी चिठ्ठी लागते, आणि तिचा डॉक्टर येतो मंगळवारी. हे मला तोंडपाठ होतं. शनिवार, रविवार, सोमवार. मी मोटारीत बसून पट्टा लावेपर्यंत माझा हिशोब झालासुद्धा होता. रोज लोकांना मरणापासून दोन बोटं लांब ठेवायचं काम करणारी बाई मी, आणि एका वाक्यात मी एकीला तिकडे ढकललं होतं.

मोटार डोंगराचा चढ चढायला लागली तेव्हा शेलाने विचारलं, "तू ओळखतेस का तिला?"

"कोणाला?"

"त्या बाईला."

"नाही," मी म्हणाले.

शेलाच्या घरी आम्ही पेरोगी केल्या, बटाट्याचं सारण भरून उकडायच्या करंज्या. मी पीठ मळलं, बटाटे कुस्करले. माझ्या सासूने शिकवलेलं तेवढं एक मला नीट येतं. पारी लाटताना, सारण भरताना, कडा बोटांनी दाबून बंद करताना मी सबबी गोळा करत होते, आणि त्या काय कमी मिळतात? ओडेटने स्वतःच कबूल केलं, मी कुठे जबरदस्ती केली? ओळख न दाखवणं हा तर नियमच. आणि नात. पुढच्या आठवड्यापासून ती माझ्या मांडीवर असेल, तिच्या टाळूचा वास, तो आंबूस दुधाचा. हे मी मिळवलं होतं, नऊ वर्षं काही न ओढता मिळवलं होतं, आणि ते एका पडलेल्या काचेपायी घालवायचं? शेला कांदा परतत होती. मधूनच मान वळवून माझ्याकडे बघायची, काही विचारेल असं वाटायचं, आणि पुन्हा कांद्याकडे वळायची. "खा ना आई," जेवताना एवढंच म्हणाली. मला वाटलं, माझ्या ओठावर पुन्हा फोड आलाय. न्हाणीघरात जाऊन आरशात बघितलं. काही नव्हतं. तरी मी ओठ पाण्याने धुतले.

रविवारी खिडकी बंद असते. मी चर्चला गेले नाही, दुकानातही गेले नाही. दुपारी बार्टन स्ट्रीटवरून उगाच एक फेरी मारली आणि दुकान दिसायला लागल्यावर रस्ता ओलांडून पलीकडे गेले. उद्या सोमवार आहे, अजून एक दिवस आहे, असं म्हणत घरी आले. नशा करायचे तेव्हाही असंच म्हणायचे, उद्यापासून. आळशाला उद्याचा भार, असं आहे ते. म्हणजे नशा सुटली, पण नशा करणारीचा 'उद्या' काही सुटला नव्हता.

सोमवारी खिडकी उघडली. माझ्याबरोबर डेलरॉय असतो. जमैकाहून लहानपणी आलेला, उंच, दुकानातल्या मालासारख्या सगळ्या वस्तू रांगेत मांडायची त्याला हौस. तो नळ्यांच्या पेट्या उघडता उघडता म्हणाला, "ओडेटचं ऐकलंस का? सुपरमार्केटातून हाकललं तिला. आत नळी पाडली म्हणे."

"कोण म्हणालं?"

"तीच. सकाळी दाराशी होती, मी कुलूप काढत होतो तेव्हा. जांभया देतेय, नाक गळतंय, पाय थाऱ्यावर नाहीत. दोन दिवस औषध नाही. मी म्हटलं, ओडेट, तू सहा वर्षांत कधी नळी उघडी घेऊन फिरली नाहीस, मोज्यात गुंडाळून ठेवतेस, मग पाडलीस कशी? तर म्हणे, म्हातारी झाले, बाबा. हात कापतात." डेलरॉयने पुढची पेटी ओढली. "काहीतरी लपवतेय ती. कोणाला तरी झाकतेय. पुलाखालच्या त्या हलकट रॉडनीला असेल."

मी म्हणाले, "असेल." तोंडातून गेलंच. मग मी हातातली तोट्यांची पिशवी ठेवून दिली, कारण माझी मलाच शिसारी आली. शरम म्हणजे मान खाली जाणं असं मला वाटायचं. तसं नाही, शरम म्हणजे स्वतःच्या अंगाचा वास येणं आणि त्या अंगातून बाहेर पडायला दार नसणं. "डेलरॉय," मी म्हणाले, "नळी माझी होती. ही इथली, दाखवायची. माझ्या खिशातून पडली आणि मी ओडेटवर ढकललं."

त्याने हातातली नळी पेटीत ठेवली. मग पेटीचं झाकण लावलं. "मग इथे काय करतेयस तू?" तो म्हणाला. "जा ना."

दुकानासमोर, रस्त्याच्या पलीकडे, बसथांब्याच्या बाकावर ओडेट बसली होती. अंगावर कोट, कोटावर घोंगडी, आणि तरी कुडकुडत होती. सरोवरावरून वारा येत होता. तिने मला बघितलं आणि मान फिरवली. ओळख देत नव्हती अजून. मी तिच्याकडे न जाता दुकानात शिरले. आधी करायचं ते करावं, मग तोंड दाखवावं.

ट्रेंट फळांपाशी उभा होता. मी त्याला सांगितलं, शनिवारची नळी माझी. त्या बाईंचा काही संबंध नाही. त्यांना आत येऊ दे, त्यांचं औषध आहे. त्याने ऐकून घेतलं आणि हसला. वाईट हसला नाही, चांगलंच हसला. "तुम्ही तिकडे त्या संस्थेत काम करता ना, मॅडम? तुमचं मन मोठं आहे. पण त्यांनी स्वतः कबूल केलंय."

"माझ्यासाठी केलं."

"हो, हो," तो म्हणाला. "तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून बरं."

मला वाटलं होतं, कबूल करणं हेच कठीण. कोणी विश्वासच ठेवणार नाही असं ध्यानीमनी नव्हतं. बारा वर्षं मी खरं बोलल्याचं सोंग करत होते तेव्हा कोणी विश्वास ठेवला नाही. आता इस्त्रीचा कोट अंगावर असल्यामुळे माझ्या खऱ्यावरही कोणी ठेवत नव्हतं. मी माझा अंगठा त्याच्यापुढे धरला. लायटरने भाजून भाजून पेराशी जी कातडी गुळगुळीत झालीय ती. म्हणाले, "हे बघ. हे स्वयंपाकाने नाही झालेलं." त्याने अंगठ्याकडे बघितलं आणि त्याचं हसू जरा मावळलं, पण तेवढ्याने भागणार नव्हतं. आज तिसरा दिवस होता, आणि औषधांच्या काउंटरवर पाच वाजता कुलूप लागतं. म्हणून मी फोन काढला. शेलाला फोन लावला आणि आवाज मोठा करून फोन त्याच्यासमोर, संत्र्यांच्या ढिगावर ठेवला.

"शेला," मी म्हणाले, "मी त्या दुकानात आहे. इथले मॅनेजर ऐकतायत. त्यांना सांग, मी पूर्वी काय होते. शनिवारची नळी माझी होती, आणि ह्यांना ते खरं वाटत नाहीये."

पलीकडे बाळ कुरकुरत होतं. शेला त्याला काहीतरी म्हणाली. मग तिचा आवाज जवळ आला.

"तुझ्या खिशातून पडली," ती म्हणाली. "मी पाहिली, आई. हातमोज्याबरोबर बाहेर आली. आणि पाहायची गरजही नव्हती. त्या आवाजावर तर मी लहानाची मोठी झालेय."

मी संत्र्यांकडे बघत होते.

"ती कोरी होती, एवढंही कळलं मला. वापरलेली काळी पडते. मला वाटलं तू मोटारीत सांगशील. मग वाटलं जेवताना. मी मुद्दाम विचारलंसुद्धा, ओळखतेस का म्हणून." तिचा आवाज बारीक झाला. "आणि मीही गप्प बसले. त्या बाईला नेत होते तेव्हा मला बरं वाटलं, आई. तू सुटलीस म्हणून बरं वाटलं. कुठे आहे ती?"

"बाहेर बसलीय."

"तिला आत घ्या हो," शेला म्हणाली, आता ट्रेंटला. "माझी आई खरं बोलतेय. कधी नव्हे ते." आणि मग मला: "बाळाचं आपण नंतर बघू. आत्ता नको बोलायला."

फोन बंद झाला. ट्रेंटच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. कोणाच्या घरात न विचारता शिरल्यासारखा दिसत होता तो. त्याने ओडेटवरची बंदी उठवली, औषधाच्या काउंटरपुरती. माझ्याबद्दल मात्र त्याला काहीतरी करणं भागच होतं. "तुम्ही मग… सध्या नका येऊ, मॅडम," तो म्हणाला. ते मॅडम त्याच्या तोंडात अडकलं. मी म्हणाले, बरोबर आहे.

मी रस्ता ओलांडला आणि ओडेटसमोर उभी राहिले. म्हटलं, "जा, तुला जाता येईल आत. मी सांगितलं त्यांना." ती उठली. उठताना तिला आधार लागला असता; मी हात पुढे केला, तिने बाकाचा दांडा धरला. दुकानात गेली. मी बाहेर थांबले. बायका ढकलगाड्या घेऊन ये-जा करत होत्या आणि मी दाराच्या बाजूला, आत जायची मनाई असलेली, उभी. थोड्या वेळाने ओडेट बाहेर आली. ओठ लाल झाले होते. घोंगडी आता खांद्यावर टाकलेली. औषध चढायला वेळ लागतो, पण माणसाला पोटात गेल्या गेल्याच बरं वाटतं.

"ओडेट," मी म्हणाले, "मी…"

"गप गं," ती म्हणाली. "नळीचं काय घेऊन बसलीस? आयुष्यात मी न केलेल्या छप्पन गोष्टी माझ्या नावावर आहेत, त्यात ही एक. पोर होती तुझ्याबरोबर, तान्हं होतं. तुझ्या जागी मी असते तरी हेच केलं असतं." तिने नाक पुसलं. "पण 'मागच्या बाई' म्हणालीस तू. तोंडाकडेसुद्धा न बघता. ते लागलं मला. दोन दिवस औषध नव्हतं ना, तरी तेच लागत होतं."

रडू येत होतं, पण ते तिच्यासमोर रडणं म्हणजे पुन्हा तिच्याकडूनच काहीतरी मागणं, म्हणून आवरलं.

"उद्या खिडकीशी येईन मी," ती म्हणाली. "जाळ्या संपल्यात माझ्या. पण त्या लंबूला पुढे बसव. तुझ्या हातून नको. चिडून नाही म्हणत हं. नको, एवढंच."

मी "हो" म्हणाले. ती फुटपाथवरून निघून गेली, पाय अजून जरासे लटपटत, केस वाऱ्यावर. मला सुटल्यासारखं वाटलं, आणि सुटल्यासारखं वाटलं म्हणून पुन्हा लाज वाटली.

मंगळवारी ती आली. तिचा आवाज ऐकून मी डेलरॉयला खूण केली आणि आतल्या पडद्यामागे जाऊन बसले. पलीकडे ती त्याला काहीतरी सांगत होती, फ्रेंचमध्ये एक शिवी दिली, आणि दोघं मोठ्याने हसले. मी पितळी चकत्या घेऊन पाकिटं भरत राहिले.